नाताळ, नाव आणि आमचे साडू

तंजावरला हिवाळा पडत नाही, तो जाहीर होतो. डिसेंबरच्या मध्याला तमिळांचा मार्गळी महिना लागतो. पहाटे साडेचारला देवळाच्या भोंग्यातून आंडाळची तिरुप्पावै सुरू होते, दारापुढचं कोलम एका रात्रीत अंगणभर पसरतं, आणि पारा बावीस अंशांवर आला रे आला की आमची अख्खी गल्ली माकडटोप्या चढवते. दूधवाला माकडटोपीत, पेपरवाला माकडटोपीत, समोरचे निवृत्त हेडमास्तर माकडटोपीवर आणखी मफलर गुंडाळून. खाली मात्र तीच वेष्टी आणि तेच अनवाणी पाय. थंडी फक्त कानांतून शिरते, घोट्यांना तिचा काही उपद्रव नाही, असं इथलं शरीरशास्त्र आहे.

मार्गळीत लग्नाचे मुहूर्त नसतात. त्यामुळे मंगल कार्यालयं ओस, नातेवाईक मोकळे, कुणाला आहेर करायचा नाही की कुणाचा रुसवा काढायचा नाही. पहाटे देवळात गरम पोंगल मिळतो आणि त्यात तूप इतकं की द्रोण हातात ठरत नाही. वर्षात इतका निवांत महिना दुसरा नाही. त्या निवांतपणाला दृष्ट लागू नये म्हणून देवानं एक सोय करून ठेवली आहे : पुण्यातल्या शाळांना नाताळची सुट्टी असते, आणि आमचे साडू पुण्यात राहतात.

आमचं घराणं तंजावरचं मराठी. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी एकोजीराजांच्या मागोमाग आलेलं आणि परतीचा मुहूर्त अजून न सापडलेलं. बायको मात्र पुण्याची, त्यामुळे मेहुणी आणि साडूही पुण्याचे. साडू पुण्याच्या थंडीला कंटाळून दक्षिणेत येतात आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या "इथे थंडी कशी नाही हो?" असं मला विचारतात. हवामान खात्याचा तंजावर विभाग मीच चालवतो, असा त्यांचा समज आहे.

गेल्या नाताळात बॅगांबरोबर ते एक कल्पनाही घेऊन आले. ती त्यांना मोबाइलमध्ये सापडली होती. इंग्लंडमधलं एक कुटुंब अख्खा हिवाळा होडीत राहतं. बाहेर कालव्यावर बर्फाचा पापुद्रा, आत लोखंडी शेगडी, खिडकीत दिव्यांची माळ, टेबलावर केक, कोपऱ्यात झोपलेलं मांजर. साडूंनी तो व्हिडिओ आम्हाला सगळ्यांना दाखवला, नंतर एकेकाला स्वतंत्र दाखवला, आणि जाहीर केलं, "यंदाचा नाताळ आपण होडीवर काढायचा."

इंग्लंडात अशी माणसं आहेत, हे खरं. तिथल्या जुन्या मालवाहू कालव्यांत ती लांबच लांब, पण जेमतेम सात फूट रुंदीच्या होड्यांत राहतात. अठराव्या शतकात खणलेल्या त्या कालव्यांचे दरवाजेच तेवढे अरुंद, म्हणून होडीही तेवढीच. एवढ्या रुंदीत एक माणूस स्वयंपाक करत असेल तर दुसऱ्यानं पलीकडे जायचं म्हणजे आधी चर्चा करावी लागते. कोळसा आणायचा, पाण्याची टाकी भरायची, आणि संडासाची पेटी स्वतःच्या हातानं उचलून रिकामी करून आणायची. हा भाग व्हिडिओत नव्हता. शिवाय ज्याच्याकडे होडी बांधायची स्वतःची जागा नाही, त्याला चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी राहता येत नाही. तळ हलवावाच लागतो. हे ऐकून साडू प्रथमच गंभीर झाले. त्यांचा सदाशिव पेठेत जुना वाडा आहे. "चौदा दिवसांत उठतो?" ते म्हणाले, "आमचा भाडेकरू चौदा वर्षं कोर्टात आहे."

पण कल्पना काही मागे घेतली नाही. उलट तंजावरचा नकाशाच उघडला. नकाशात आमचा जिल्हा म्हणजे निळ्या रेघांची जाळी. "अहो, तुमच्याकडे नद्याच नद्या! आणि होडी एक नाही? धंद्याची दृष्टीच नाही तुम्हा लोकांना."

म्हणून त्यांना तिरुवैयारूला घेऊन गेलो. तंजावरहून हे गाव तेराएक किलोमीटर. नावातच पाच नद्या आहेत आणि रस्त्यात त्या पाचही लागतात : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. प्रत्येक पुलावर साडू गाडी थांबवायला लावत आणि खाली वाकून म्हणत, "ही बघा, इथे बांधायची होडी." दोन्ही काठांनी सांबा हंगामाचं भात उभं होतं, पाणी तुडुंब होतं, बगळे होते, नारळी होत्या. नव्हती ती फक्त होडी. का नव्हती, ते पाचव्या पुलावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. तो म्हणाला, "होडी घालाल कुठून आणि काढाल कुठून? मैला-दोन मैलांवर शटर आहे."

खरं कारण तेच. आमच्या नद्या या नद्या कमी आणि कालवे जास्त. करिकाल चोळानं बांधलेलं म्हणून ज्याचं नाव घेतात त्या कल्लणैपाशी कावेरीचे फाटे फुटतात, त्या फाट्यांना फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावर कुणीतरी दरवाजा लावून ठेवलेला आहे. वर मेट्टूरचं धरण. साठा असेल तर ते १२ जूनला उघडायचं आणि २८ जानेवारीला बंद करायचं, असा इथला रिवाज आहे. तंजावरात पाणी सरकारी नोकरीत आहे. जूनमध्ये रुजू व्हायचं, ठरवून दिलेल्या शेतात हजेरी लावायची, जानेवारीअखेर सुटायचं. त्याच्या पाठीवर बसून केक खायची परवानगी नाही. आणि खाल्लाच, तर फेब्रुवारीत होडी वाळूत टेकलेली आणि शेजारी पोरं क्रिकेट खेळताना दिसतील. त्यांचा एखादा फिल्डर डेकवर उभा असेल.

परतताना साडू गप्प होते. घरी आत्या होत्या. आमच्या आत्यांनी तंजावरबाहेरचं जग फारसं पाहिलेलं नाही, पण त्याबद्दलची मतं पूर्ण आहेत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पाहुणे, आपण मराठी माणसं घोड्यावरून आलो. तंजावरच्या राजानं एकदाच होडी केली, ती पळून जायला."

इतिहास असा आहे. शहाजीराजांच्या मुलांपैकी दोघांची ही गोष्ट. थोरल्या शिवाजीमहाराजांनी समुद्रात सिंधुदुर्ग बांधला, आरमार उभं केलं. धाकटे सावत्र भाऊ एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, इकडे येऊन भातशेतीच्या मुलखात स्थिर झाले. १६७७ साली महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले आणि कोळ्ळिडम नदीच्या काठी तळ देऊन भावाला भेटीला बोलावलं. भेटी झाल्या, जेवणं झाली, विचारपूस झाली. मग थोरल्यांनी वडिलांच्या दौलतीतल्या निम्म्या वाट्याचा विषय काढला. वाट्याच्या विषयावर मराठी माणूस जे करतो तेच धाकट्यांनी केलं, "बघू" म्हणाले. आणि एका रात्री कुणालाही न सांगता ते नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून गेले असं सांगतात. पाहुणे म्हणून आलेल्या भावाला सोडून यजमानानं रातोरात पाण्यावरून पळ काढावा, हा तंजावरच्या मराठी नौकानयनाचा आरंभ. आमच्या घराण्यात हा प्रसंग पराभव म्हणून सांगत नाहीत. नाताळच्या सुट्टीत मला तर तो मार्गदर्शक वाटतो.

साडूंचं समाधान झालं नाही. "नाताळ म्हणजे ख्रिस्ती सण. त्यांच्या लोकांनी तरी इथे होडीवर साजरा केला असेल?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. नाताळच्या दिवशी त्याचं उत्तर पाहायला आम्ही तरंगंबाडीला गेलो. तंजावरहून शंभरेक किलोमीटर, पूर्वेला समुद्रावर. तिथे डॅनिश लोकांचा डान्सबोर्ग किल्ला आहे. आजूबाजूला चांदण्यांचे कागदी कंदील लटकत होते. १७१८ साली बांधलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमधून तमिळ गाणी ऐकू येत होती. दारात केळीच्या पानात बांधलेली फुलं विकायला होती. आणि समुद्र इतका शांत की साडूंच्या आशा पुन्हा पालवल्या.

डेन्मार्कच्या ताफ्यातली मुख्य जहाजं इकडे यायला निघाली ती १६१८ च्या नोव्हेंबरात. त्यांचा म्होरक्या ओव्हे ग्येद्दे, चोविशीतला सरदार. सिंहलद्वीपाला पोचायला १६२० साल उजाडलं. म्हणजे एक नव्हे, दोन नाताळ त्यांनी जहाजावर काढले. 'होडीवर नाताळ' हा कार्यक्रम कुणी पुरेपूर पार पाडला असेल तर या मंडळींनी. शेगडी होती, पण वादळात पेटवता येत नसे. केकऐवजी किड्यांसकट बिस्किटं होती. थंडी मागे पडेपर्यंत उकाडा समोर आला, आणि निम्म्याहून जास्त माणसं वाटेतच दगावली. एवढं सोसून ते ज्या कँडीच्या राजाला पोर्तुगीजांविरुद्ध मदत करायला आले होते, त्याच्या दारात पोचले, तर राजानं आधीच पोर्तुगीजांशी समेट केलेला. लांबून भांडणात पडायला जावं आणि तोवर घरच्यांनी मिटवून टाकावं, यासारखा अपमान नाही. मग ते इकडे वळले. तंजावरच्या रघुनाथ नायकानं त्यांच्याशी करार केला, तरंगंबाडी दिली, आणि डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर पत्र लिहिलं. ते पत्र कोपनहेगनला अजून जपून ठेवलेलं आहे. जमीन मिळाल्यावर डॅनिशांनी पहिलं काम कोणतं केलं? जहाजातून उतरून जाडजूड भिंतींचं घर बांधलं. दोन नाताळांनंतर त्यांना होडीत राहण्याची हौस उरली नव्हती.

किल्ल्याजवळ मासिलामणीनाथाचं देऊळ आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याचा बराच भाग समुद्रानं नेलेला. तिथे जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याला साडूंनी माझ्यामार्फत विचारलं, की एक रात्र तुमच्या होडीवर राहायला द्याल का? त्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "उद्या सव्वीस डिसेंबर." पुढे काही बोलला नाही. २००४ साली याच तारखेला सकाळी या किनाऱ्यावर त्सुनामी आली. नागपट्टणम जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्या दिवशी इथे होड्या वाळूवर असतात आणि माणसं किनाऱ्यावर दूध आणि फुलं वाहतात. आम्ही त्याच्याकडून सुकट घेतली आणि निघालो. साडू गाडीत बराच वेळ बोलले नाहीत, आणि मीही त्यांना छेडलं नाही.

समुद्राशी कसं वागावं याचा तंजावरी नमुना पाहायचा तर दक्षिणेला मनोऱ्यावर जावं, म्हणून साडूंना मुलाबाळांसह तिथेही नेलं. पट्टुकोट्टैच्या पुढे, पाल्कच्या सामुद्रधुनीवर, दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेला आठ मजली षटकोनी बुरूज आहे. सरफोजी मोठे विद्वान. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची चित्रं काढून घेणारे. नेपोलियन हरल्याची बातमी आली तेव्हा इंग्रज मित्रांच्या आनंदात सहभागी व्हावं म्हणून त्यांनी हा मनोरा उभारला आणि त्यावर बोनापार्टच्या पाडावाचा लेख १८१४ सालासकट कोरवला. पुढच्याच वर्षी नेपोलियन एल्बा बेटावरून होडीत बसून परत आला. वॉटर्लूपर्यंतचे ते काही महिने तंजावरच्या दरबारात काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. अभिनंदनाचा केक कापून झाल्यावर निकाल राखून ठेवल्याचं कळावं, तर पाहुण्यांकडे बघायचं कसं?

पण मुद्दा दुसरा आहे. या राजाला समुद्र आवडत होता, जहाजांच्या बांधणीत रस होता, मनोऱ्यावर दीपगृहाची सोय होती. तरी समुद्राचा आनंद घ्यायला त्यांनी काय बांधलं? आठ मजले, चुना, वीट, आणि सभोवती तट. समुद्र पाहायचा तो उंचावरून, कोरड्या पायांनी, आणि जेवणाच्या वेळेला खाली उतरता येईल अशा बेतानं.

मनोऱ्यासमोरच्या पाण्यात आता खरे कायमचे रहिवासी आहेत. २०२२ साली तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा पट्टा देशातलं पहिलं समुद्रगाय संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. समुद्रगाय म्हणजे ड्युगाँग. वजन काही क्विंटल, स्वभाव सोशिक, आहार शुद्ध शाकाहारी : समुद्राच्या तळाचं गवत, दिवसाला तीस-चाळीस किलो. चरायचं, दर काही मिनिटांनी नाक वर काढून श्वास घ्यायचा, पुन्हा चरायचं. मुलांनी तासभर डोळे ताणले, एकही दिसली नाही. साडूंच्या मुलीनं मात्र मोबाइलमधला तिचा फोटो पाहून विचारलं, "बाबा, ही दिवाळीच्या सुट्टीतले तुम्ही ना?" मेहुणी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

घरी आल्यावर आत्यांनी शेवटचा दाखला दिला. त्या म्हणाल्या, होडीचा शौक एकट्या देवाला शोभतो. आमच्याकडे मोठ्या देवळांना मोठी तळी असतात आणि वर्षातून एकदा तेप्पम, म्हणजे देवाचा तराफ्यावरचा उत्सव, होतो. तिरुवारूरचं कमलालय तळं देवळाइतकंच विस्तीर्ण; मन्नारगुडीच्या तळ्याला लोक कौतुकानं हरिद्रा नदी म्हणतात; मदुरैला तैपूसमला, म्हणजे ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, मीनाक्षी तळ्यावर येते. रिकामे पिंप एकत्र बांधून त्यावर फळ्या, फळ्यांवर मंडप, मंडपात दिवे, फुलं, नादस्वरम्, आणि मधोमध देव. काठावरून माणसं दोर ओढतात, देव मध्यमंडपाभोवती प्रदक्षिणा घालतो. "तीन फेऱ्या," आत्या बोटं दाखवत म्हणाल्या. "स्वतःचं तळं आहे, स्वतःची होडी आहे, ओढायला हजार माणसं आहेत. तरी मुक्काम करतो का? तीन फेऱ्या झाल्या की घरी. तुम्हाला देवापेक्षा जास्त हौस आहे का, पाहुणे?"

पाहुण्यांना होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी टी गार्डन एक्स्प्रेसची तत्काळ तिकिटं काढली. कारैकालहून येणारी ही गाडी संध्याकाळी तंजावरला पकडली की सकाळी एर्नाकुलमला पोचवते. तिथून तासा-दीड तासावर आलप्पुळा, आणि आलप्पुळात हाऊसबोटी.

हाऊसबोट वस्तू म्हणून सुरेख आहे, यात वाद नाही. मुळात ही कुट्टनाडची भात वाहणारी होडी, केट्टुवळ्ळम. फळ्या काथ्याच्या दोऱ्यांनी शिवलेल्या, एक खिळा नाही, वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचं काळं लेपण. ट्रक आले, रस्ते झाले, होड्यांचं काम गेलं. मग १९९० नंतर कुणीतरी त्यांच्यावर वेताचं छप्पर चढवलं, आत पलंग टाकला आणि तांदळाच्या जागी पर्यटक भरला. वजनात फारसा फरक पडला नसावा, विशेषतः आमच्या साडूंनी दुपारचं जेवण घेतल्यावर.

नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात भाडं दुप्पट होतं. दुपारी बाराला चढायचं, हातात शहाळं मिळतं, होडी निघते. दीड वाजता ती जेवणासाठी थांबते. भात, सांबार, तोरण नावाची भाजी आणि तळलेला करिमीन. मासा पाहून मेहुणीनं तोंड फिरवलं आणि साडूंनी बायकोच्या वाट्याचाही संपवला. तीनला होडी पुन्हा निघते. साडेचारला चहा आणि केळ्याची भजी. आणि साडेपाचला होडी काठाला लावून, नारळाच्या झाडाला बांधून टाकतात. कारण संध्याकाळी मासेमारांची जाळी पडतात. त्यानंतर हाऊसबोटींनी हिंडायचं नाही. सकाळी तासभर फेरी, नाश्ता, आणि नऊला सामानासकट खाली.

मेहुणी बँकेत आहे. तिनं बसल्या बसल्या हिशोब केला : चोवीस तासांचं भाडं, ताब्यात एकवीस तास, त्यातले चालण्याचे चार-पाच. "म्हणजे आपण झाडाला बांधलेल्या खोलीचे पैसे दिले," ती म्हणाली. साडू म्हणाले, "पाण्यावर आहे ना खोली!" तेवढ्यात पहिला डास आला. त्याच्यामागे आणखी बरेच आले. एसी रात्री नऊला सुरू होणार होता.

आणि तरी सांगतो, त्या साडेपाच ते नऊ या वेळात खरी मजा आली. कारण आमची एकटीच होडी बांधलेली नव्हती. नाताळचा आठवडा, काठाला होडीला होडी खेटून. उजवीकडची ठाण्याची निघाली, हे आम्हाला तिकडून आलेल्या "अगं, मेतकूट कुठल्या बॅगेत आहे?" या हाकेवरून समजलं. डावीकडे कोल्हापूरचं एक मोठं कुटुंब होतं आणि त्यांनी स्वतःचा तांबडा रस्सा बाटलीत भरून आणला होता. पाचेक मिनिटांत ओळखी निघाल्या. ठाणेकरांच्या आजी साडूंच्या शाळेतल्या बाईंच्या जाऊ निघाल्या. भडंग इकडून तिकडे गेलं, चिवडा तिकडून इकडे आला, केक कुणीतरी वाकून पाण्यावरून दिला. मग तीन होड्यांच्या भेंड्या लागल्या. कोल्हापूरकर आवाजावर जिंकले. ठाणेकरांनी निकाल अमान्य करून नियम मागितले. अलीकडची मुलं पलीकडे, पलीकडची अलीकडे, आणि मी सगळ्या आयांना शांत करत, "होडी बांधलेली आहे, काही होत नाही," असं सांगत होतो.

त्या वाक्यात सगळं आलं. डॅनिशांना सुख मिळालं ते उतरल्यावर, राजाला मिळालं ते आठव्या मजल्यावर, देव तीन फेऱ्यांनंतर घरी जातो, आणि इंग्लंडातला होडीवाला कालव्याच्या काठाला दोर घट्ट केल्याशिवाय केक कापत नाही. होडीचा खरा आनंद दोराचा आहे. ती वाहून जाऊ शकते आणि जात नाहीये, याची जाणीव झाली की चिवडासुद्धा चविष्ट लागतो. घरात आपण जात नाहीच, त्यामुळे त्याचं कौतुक नसतं.

रात्री साडू एसीत घोरत होते. मी बाहेर बसलो होतो. होडीचा सारंगही बसला होता. तो कुट्टनाडचाच. त्याला तमिळ चांगलं येत होतं. मी तंजावरचा म्हटल्यावर त्यानं विचारलं, मोठं देऊळ खरोखर सगळं दगडाचं आहे का? म्हटलं, सगळं. ग्रॅनाइटचं. १०१० साली राजराजानं पूर्ण केलं. आणि जमीन? तो म्हणाला. जमीन कोरडी असते? म्हटलं, मे महिन्यात भेगा पडतात. त्याचे डोळे चमकले. इथली शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बांध घालायचा, पंपानं पाणी उपसून टाकायचं, तेव्हा कुठे भात लावता येतो. घर पाण्यात, शाळा होडीनं, नोकरी होडीवर. त्याच्या सुट्टीच्या कल्पनेत सात दिवस पायाखाली न हलणारी आणि न ओलावणारी जमीन होती. हाऊसबोटीवर माणसं हौसेनं राहायला येतात, याचं त्याला इतक्या वर्षांनीही नवल होतं. "पैसे देऊन?" तो म्हणाला, आणि आमच्या साडूंच्या घोरण्याच्या दिशेनं सहानुभूतीनं पाहिलं.

मी पत्ता दिला. माणसं पत्ता घेतात, येत नाहीत, हा सर्वसाधारण अनुभव. हा आला. जूनमध्ये केरळात पाऊस लागला, हाऊसबोटीचा धंदा थंडावला, आणि बायकोमुलांसह तो तंजावरच्या स्टेशनवर उतरला. देवळात तो दोन दिवस नुसता दगडांवर हात फिरवत होता. नंदीपुढच्या फरशीवर मुलांना पळवलं. दुपारच्या उन्हात पाय भाजत होते, तरी चप्पल काढायच्या जागेपासून तो सावकाश चालत गेला, मुद्दाम.

नेमकं त्याच आठवड्यात मेट्टूरहून सोडलेलं पाणी कल्लणैला पोचलं. हा आमच्याकडे मोठा सोहळा असतो. मंत्री येतात, शेतकरी येतात, दरवाजे उघडतात, आणि येणाऱ्या पाण्यावर लोक फुलं आणि भाताचे दाणे उधळतात. आत्याही हट्टानं गाडीत बसल्या. मी पाहुण्याला पुलावर उभं केलं. खाली वाळूच्या पात्रातून पाण्याची पहिली लाट फेस आणि पालापाचोळा ढकलत पुढे सरकत होती. आजूबाजूला माणसं हात जोडून उभी होती. कुणीतरी नादस्वरम् वाजवत होतं. आत्यांनी ओंजळीतली फुलं सोडली आणि अभिमानानं पाहुण्याकडे वळून पाहिलं.

तो कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन, कुणाला वाईट वाटू नये अशा हळू आवाजात म्हणाला, "सार, रागावू नका. पण एवढं पाणी तर पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात येतं. आणि बायको त्यावर फुलं नाही, झाडू टाकते."